ताईचा आवाज

अण्णांना वर न्यायचं कसं, यावरूनच पहिली ठिणगी पडली.

अण्णांच्या पुस्तक-बाइंडिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्याला एकोणीस पायऱ्या, त्याही अरुंद, मधे एक वळण. दादा म्हणत होता, खुर्चीसकट उचलू. ताई म्हणत होती, अण्णा स्वतः चढतील. आधी डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी, वेळ लागेल इतकंच.

"तासभर लागेल, ताई. चारला सुरू करायचंय म्हणाली धाकटी."

"तिला म्हणावं, थांब. सत्तावीस वर्षं आपण थांबलोच ना तिच्यासाठी?"

घरात सगळेच तिला ताई म्हणत. दादासुद्धा, जरी तो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा होता. ताईपण तिला लहानपणीच चिकटलं आणि अण्णांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, ते तिच्या मानगुटीवर येऊन बसलं होतं. ती रुग्णालयात फिजिओ. रोज सकाळी सहाला आईअण्णांच्या घरी यायची, पाऊण तास अण्णांकडून व्यायाम करून घ्यायची आणि तिथूनच कामाला जायची. यात एका दिवसाचा खंड नाही.

अण्णांनी वाद मिटवला. धडधाकट डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि दादाकडे पाहिलं. म्हणजे उचल. दादाने मागून धरलं, ताईने पुढून. आई खाली उभी राहून "अगं हळू, अरे हळू" करत राहिली. वळणावर अण्णांचं कोपर भिंतीला घासलं तेव्हा ताई दातओठ खात म्हणाली, "हे सगळं कशासाठी? तर बाईसाहेबांचा नाच बघायला."

"काम म्हण. नाच म्हटलेलं चालत नाही तिला," दादा धापा टाकत म्हणाला आणि दोघं हसली. धाकटीच्या बाबतीत त्या दोघांचं एकमत व्हायला नेहमी एवढंसं पुरायचं.

धाकटी वर फरशीवर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. चार वर्षांची असताना कागदाच्या गठ्ठ्यांमधून गिरक्या घेत फिरायची, म्हणून अण्णांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. शेहेचाळिसाव्या वर्षीही घरात तेच नाव होतं. एकोणिसाव्या वर्षी ती घर सोडून दुसऱ्या शहरात नाच शिकायला गेली. नंतर तिचं काम नुसतं नाच उरलं नाही. ती इस्त्रीवाल्यांच्या, परिचारिकांच्या, टंकलेखकांच्या हालचाली वहीत रेखाटायची, त्यांचे आवाज गोळा करायची, चित्रफिती काढायची आणि या सगळ्यातून प्रयोग उभा करायची. चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या खोल्या, शाळांची सभागृहं, एकदा तर बंद पडलेला पोहण्याचा तलाव. घरच्यांना ते कधी कळलं नाही आणि तिने कधी समजावलं नाही. आता पहिल्यांदाच या शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाने तिला मुख्य रंगमंच दिला होता. प्रयोगाचं नाव 'घडी'. आठ दिवसांवर आलेला. विषय अण्णा. म्हणून त्यांनी आधी पाहावा, असं तिचं म्हणणं पडलं.

"कोणाला काही खटकलं तर शेवटी बोला. मधे नको," ती म्हणाली आणि उठून दिवे लावायला गेली.

पहिली वीस मिनिटं दादाने श्वास रोखून पाहिली.

त्याला वाटलं होतं, हातवारे असतील, जमिनीवर लोळणं असेल. पण भिंगरी मधोमध उभी राहिली आणि तिने फर्म्याची, म्हणजे छापील मोठ्या कागदाची, घडी घातली. हातात काही नव्हतं. तरी कागद दिसला. अंगठ्याने कड जुळवणं, हाडाच्या पट्टीने घडीवरून एकदाच दाब देऊन जाणं, फर्मा उलटा करून डावीकडे सरकवणं. अण्णा करायचे तसंच. मग सुई, मग दोरा ओढताना कोपर मागे जाणं आणि त्याच्याबरोबर मान किंचित कलणं. तिने मनगटाला एक सेन्सर बांधला होता. हात वेगाने हलला की स्पीकरमधून कागदांची सळसळ मोठी व्हायची. हळूहळू घड्या हातातून खांद्यात गेल्या, पाठीत गेल्या, सगळं शरीर घड्या घालत आणि उलगडत राहिलं. अण्णांची ही मान त्याने पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावरून पाहिली होती. ती कशी होती ते तो विसरून गेला होता, आणि जी कधी इथे बसली नाही तिने ती जशीच्या तशी आणून ठेवली होती.

त्याने वळून अण्णांकडे पाहिलं. अण्णांचा डावा अंगठा गुडघ्यावर हलत होता.

मग सळसळ अचानक थांबली. भिंगरीचा उजवा हात पोटाशी वळला, उजवं पाऊल आत आलं, तोंडाची एक बाजू उतरली. आई "अगं बाई" म्हणून पुटपुटली. मागे टांगलेल्या पांढऱ्या कागदांवर चित्रफितीतला अण्णांचा डावा हात दिसू लागला, एकटाच, घडी घालू पाहणारा. भिंगरी अण्णांचं चालणं चालू लागली.

आणि स्पीकरमधून ताईचा आवाज आला.

"एक. दोन. टाच टेकवा. टाच, अण्णा. तीन."

ताई खुर्चीत पुढे सरकली. क्षणभर तिला बरंच वाटलं. आपणही आहोत की यात. आवाज स्वच्छ होता, तिच्या शिस्तीचा. त्या मोजणीवर भिंगरी पाऊल टाकत होती आणि प्रत्येक पावलाला तिचं अंग कसंबसं तोल सावरत होतं.

"चार. नाही. परत. एक. अहो टाच! किती वेळा सांगायचं? मुद्दाम करताय का? मला दुसरे उद्योग नाहीत का, अण्णा?"

समोर भिंगरी गुडघ्यावर कोसळली. उठायला लागली.

"पडा मग. पडा. मी नाही उचलणार. आई उचलेल तुम्हाला. नाहीतर तुमची लाडकी येईल, नाचत नाचत. बोलवा तिला."

भिंगरी पुन्हा कोसळली. स्पीकरमधून अण्णांचा हुंदका ऐकू आला, आणि त्यावर ताईचाच आवाज, थकलेला: "एक. दोन."

ताई उभी राहिली. "बंद कर."

भिंगरी थांबली नाही.

"बंद कर म्हणते ना!"

दादाने उठून भिंतीतलं बटण दाबलं. स्पीकर बंद पडला. भिंगरी फरशीवर हात टेकून धापा टाकत होती. उजवा हात अजून पोटाशीच होता. तिने तो मुद्दाम सरळ केला.

"हे कुठून आलं?" ताईने विचारलं.

"रेकॉर्डर ठेवला होता मी घरात. तुला माहीत होतं."

"पावलांचे आवाज हवेत म्हणाली होतीस. पावलांचे! माझं तोंड नव्हतं त्यात."

"तुझ्या मोजण्यावरच ती पावलं पडतात, ताई. मी वेगळं कसं करू?"

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"ऐक दादा, ऐक! वर तोंड करून बोलतेय."

दादाने ऐकलं होतं. तो भिंगरीसमोर जाऊन उभा राहिला. "हे बरोबर नाही. घरातली गोष्ट आहे ही. चव्हाट्यावर आणायची नसते. तो आवाज काढून टाक, बाकीचं चांगलं आहे. खूप चांगलं आहे."

"बाकीचं कशामुळे चांगलं आहे? पुढे हे येतं म्हणून. नाहीतर ती नुसती बाइंडरची नक्कल आहे." भिंगरी उठून बसली. "आणि त्यात ताई एकटी नाही. 'लाडकी' कोण? ती शिवी मलाच आहे. मी ठेवलीच ना?"

"तुझं काय जातं?" ताई म्हणाली. "तुला त्याच्यासाठी टाळ्या मिळतील. पुढच्या महिन्यात माझ्याकडे विद्यार्थ्यांची नवी तुकडी येतेय. पहिलं व्याख्यान दर वर्षी मीच देते. विषय काय, माहितीये? रुग्णाशी कसं बोलावं."

भिंगरीने मनगटावरचा सेन्सर सोडवायला घेतला.

"तुझा आवाज कोण ओळखणार आहे?"

"मी ओळखला. अण्णांनी ओळखला. आणखी किती माणसं हवीत तुला?" ताईचा आवाज चिरकला. "तीन वर्षांत मी अण्णांना हजार वेळा तरी उभं केलं असेल. तू त्यातली एक सकाळ घेतलीस. एवढीच दिसली तुला? आणि दादा, तू मोठा शहाणपणा शिकवतोयस, तू तर खाली तुझ्या कारखान्यातून बाहेर पडायचा नाहीस. दोन गल्ल्यांवर आईअण्णांचं घर आहे. कधी आलास सकाळी?"

दादाला हे अनपेक्षित होतं. तो तर तिच्याच बाजूने उभा होता.

"आलो होतो," तो सावकाश म्हणाला. "दोनदा आलो. पहिल्यांदा त्यांना आंघोळ घालायला लागलो तर तू माझ्या हातातून टॉवेल ओढून घेतलास. म्हणालीस, तुझ्याने होणार नाही, मरतील ते. दुसऱ्यांदा दारातूनच परत पाठवलंस. मग नाही आलो." त्याने मान वळवली. "भिंगरे, राहू दे तो आवाज. लोकांनी ऐकला तर बिघडत नाही. आम्ही ऐकतोच आहोत."

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला.

आईला हे सगळं आता कुठे जाणार ते दिसत होतं. ती भिंतीजवळच्या खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. पन्नासहून जास्त वर्षं तिने या घरात एक नियम पाळला होता: ज्याच्यावर आपलं चालतं, त्याला दुखवायचं नाही. आधी ते अण्णा होते. आता ताई होती.

"तो रेकॉर्डर कपाटावर होता," ताई मोठ्याने विचार करत होती. "बंद असायचा. मी बघायचे. लाल दिवा नसायचा त्याचा. मग लावला कोणी?" ती भिंगरीकडे वळली. "तू तर दोन-दोन महिने फिरकायची नाहीस."

भिंगरीला वाटत होतं, ओढवून घ्यावं आपल्यावरच, नाहीतरी आपण पुष्कळ ओढवून घेतलंय.

"मी लावत होते," आई म्हणाली. "दिव्यावर चिकटपट्टी लावली होती."

ताईला नीट ऐकू आलं नसावं. तिने "काय?" म्हणून विचारलं, अगदी साध्या सुरात.

"अगं, तुला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. तू यायची बंद झालीस तर यांचं कोण करणार? मला उचलत नाहीत हे. रोज तुझा पारा चढायचा आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहायचे, ऐकू येऊ नये म्हणून. म्हटलं, धाकटीच्या कानावर पडू दे. तिला कळेल, ती येईल, तुला जरा उसंत मिळेल. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"मग? आली ती?"

आईने भिंगरीकडे पाहिलं. "आली ना," ती म्हणाली. "नाच बसवून आली."

भिंगरीला आयुष्यात पुष्कळ बोचरी परीक्षणं मिळाली होती. एकाने तिला 'कष्टाळू' म्हटलं होतं, ते वर्षभर सलत राहिलं. पण आईच्या या तीन शब्दांपुढे सगळं फिकं होतं, कारण आई ते टोमणा म्हणून बोलली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी तिने ती ध्वनिफीत भाड्याच्या खोलीत, जमिनीवर बसून ऐकली होती. पहिल्यांदा ऐकताना ती ढसाढसा रडली. उद्याच जायचं असं ठरवून बॅगसुद्धा काढली. दुसऱ्यांदा ऐकताना तिला कळलं की तीन आणि चारच्या मधे ताईचा श्वास अडकतो, रोज, त्याच जागी. तिथे ती अण्णांचं वजन स्वतःवर घेत असणार. तिसऱ्यांदा ऐकताना तिने वही उघडली. बॅग महिनाभर तशीच दाराशी पडून होती. तिला माहीत होतं की यात काहीतरी वाईट आहे. तिला हेही माहीत होतं की इतकं खरं काम तिच्या हातून याआधी झालं नव्हतं, आणि गुडघ्याची अवस्था बघता नंतरही होणार नव्हतं.

"आपण अण्णांना विचारू," ती म्हणाली. "विषय त्यांचा आहे."

ती गुडघ्यांवर सरकत अण्णांच्या खुर्चीपाशी गेली. आजारानंतर अण्णांकडे मोजून पाच-सहा शब्द उरले होते. त्यांचे डोळे ओले होते. ते पहिल्या भागाने की दुसऱ्या, हे सांगणं कठीण होतं.

"अण्णा, ताईचा आवाज यात ठेवू की काढू?"

अण्णांचे ओठ हलले, बराच वेळ नुसतेच हलले. मग ते म्हणाले, "राहू... दे."

"बघ!" भिंगरी म्हणाली. "राहू दे म्हणाले."

"बघ काय? राहू दे म्हणजे नको. जेवण नको असलं की हेच म्हणतात. रोज त्यांना मी भरवते, मला विचार."

"ठेव म्हणतायत ते, ताई."

"सोडून दे म्हणतायत!"

"अण्णा, परत सांगा. ठेवायचा? हो की नको?"

"अहो, मान हलवा नुसती," आई म्हणाली.

अण्णांनी दोन्ही मुलींकडे आळीपाळीने पाहिलं. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा ब्रेक काढला आणि खुर्ची जिन्याकडे वळवायला लागले. एका हाताने ती वळेना, जागच्या जागी फिरत राहिली. दादाने धावत जाऊन धरली.

"काढ बाई तो आवाज," आई भिंगरीला म्हणाली. आता तिला रडू येत होतं. "मीच दिला तुला, मीच मागते परत. मला उद्या सकाळी सहाला दार उघडायचंय."

त्या वाक्यावर मजल्यावरचं भांडण संपलं. ताई न येण्याची शक्यता कोणालाच, अगदी भिंगरीलाही, परवडणारी नव्हती.

"काढते," भिंगरी म्हणाली. "झालं समाधान?"

"एक शब्द राहता कामा नये."

"नाही राहणार."

दादा आणि ताईने खुर्ची पुन्हा उचलली.

ताई पहिल्या प्रयोगाला जाणारच नव्हती. पण अण्णांना नाट्यगृहात न्यायचं तर ती लागणार होती, कारण मोटारीतून व्हीलचेअरमध्ये बसवायचं तंत्र तिलाच जमायचं. ती गेली. अण्णांची खुर्ची रांगेच्या टोकाला लावून तिच्या शेजारी बसली. सभागृह भरलेलं होतं.

पहिला भाग तिने आज नीट पाहिला आणि मनातल्या मनात कबूल केलं, की छान आहे. मग भिंगरीचा हात पोटाशी वळला आणि ताईचं अंग आपोआप ताठ झालं. आता येईल. भिंगरीने शब्द पाळला नसेल, अशी तिची जवळजवळ खात्री होती. त्यासाठी बोलायचं काय तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

आवाज आला नाही. नुसती भिंगरीची स्वतःची पावलं ऐकू आली, फरफटणारी, आणि कागदांची बारीक सळसळ.

ताई सैल झाली. मिनिटभराने तिच्या लक्षात आलं, की आपले ओठ हलतायत. एक. दोन. टाच. रंगमंचावर अण्णा पडत होते आणि उठत होते. कोणी सांगत नव्हतं, कोणी काखेत हात घालत नव्हतं, कोणी वजन अंगावर घेत नव्हतं. पडायचे, थांबायचे आणि आपल्या आपण उठायचे. ताईला ओरडावंसं वाटलं. अण्णा असे कधीच उठले नव्हते. एकदासुद्धा. तीन वर्षांत तिच्या कमरेचे दोन मणके झिजले होते.

शेवटी रंगमंचावर ते एकटेच उभे राहिले आणि अंधार झाला. टाळ्या पडल्या, फार जोरात नाहीत, पण पडल्या. मागच्या रांगेतली एक बाई नाक पुसत सोबतीणीला म्हणाली, "बघ ना, बिचारा किती एकट्याने झुंजला."

ताई अण्णांना आईजवळ सोडून रंगमंचामागे गेली. भिंगरी एका पेटीवर बसून गुडघ्यावर बर्फ दाबत होती. तिचा चेहरा उतरलेला होता. नाट्यगृहाचा संचालक नुकताच येऊन गेला होता. "देखणं आहे, पण उत्तरार्धात काहीतरी हातातून निसटतं," असं म्हणून.

"काढलास तू," ताई म्हणाली.

"शब्द दिला होता."

"मी कुठेच नाही त्यात."

भिंगरीने वर पाहिलं. तिला आधी वाटलं ताई आभार मानते आहे.

"माणूस स्वतःहून उठतो होय? इतकी वर्षं अंगांचा अभ्यास करतेस, तुला एवढं कळत नाही? कोणीतरी होतं ना तिथे. वाईट बोलत होती, पण होती. लोकांना वाटलं, अण्णा एकटेच होते."

"होतं तिथे कोणीतरी," भिंगरी म्हणाली. "तूच काढायला लावलंस."

"मग उद्या घाल परत. तो लाडकीचा भाग सोडून घाल. नाहीतर सगळं घाल. मी बघून घेईन विद्यार्थ्यांचं."

भिंगरीने बर्फ गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवला. बर्फाचं पाणी तिच्या पोटरीवरून घोट्याकडे ओघळत होतं.

"काय झालं? उद्या नाही जमत तर परवा."

"पुसलं मी ते, ताई. त्याच रात्री. मूळ रेकॉर्डिंग, प्रती, सगळं. माझ्याकडे असतं तर मी घातलंच असतं, माझा माझ्यावर भरवसा नव्हता."

"सगळ्या सकाळी?"

"सगळ्या."

ताई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला रागवायचं होतं, पण राग कुठून सुरू करावा ते समजेना. अण्णांचं चालणं महिन्यागणिक कमी होत चाललं होतं, व्यायामही आता बहुतेक खुर्चीत बसूनच. त्या सकाळी पुन्हा होणार नव्हत्या.

"तू माझ्यासाठी काढलंस असं म्हणू नकोस कुणाला," ती अखेर म्हणाली.

"नाही म्हणणार. रागाने काढलं मी."

"ते कळलं मला. आज पाहताना कळलं."

बाहेरून आईने हाक मारली, अण्णा दमलेत, निघू या. ताई गेली. त्यानंतर 'घडी'चे अकरा प्रयोग झाले, सगळे तसेच, ताईच्या आवाजाविना. अकरांपैकी एकालाही ती आली नाही. सकाळी सहाला मात्र ती रोज आईच्या दारात हजर असायची, आणि आई आता नळ सोडत नसे, कारण ताई मोजेनाशी झाली होती.